कोण काय म्हणालं

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "उद्या दहाला पाणी जाणार आहे, भरून ठेवा." एवढंच. बोलताना त्या पाठमोऱ्या होत्या, वाकून पायपुसणं झटकत होत्या, त्यामुळे ओठ दिसायचा प्रश्नच नव्हता. तरी वाक्य तिच्यापर्यंत आलं. पत्र्याच्या डब्यातून यावं तसं खरखरीत, पण अख्खं. उद्या, दहा, पाणी, भरून ठेवा. कुणाचं तोंड न बघता एक अख्खं वाक्य तिच्या डोक्यात शिरलं, ते अकरा वर्षांत पहिल्यांदाच. तिने कठडा घट्ट धरला. आनंदाने शेजारी उभ्या नवऱ्याला सांगायला ती वळणार, तोच त्याने सवयीप्रमाणे शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली, भिंतीला टेकवून भराभर लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. "बाई म्हणतायत, उद्या दहा वाजता पाणी रजेवर जातंय. परत कधी येणार ते कळवलेलं नाही. निरोप घ्यायचा असेल तर आजच घे." तिने ते वाचलं, मग नर्सबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इस्त्री केल्यासारखा सरळ चेहरा. मग नवऱ्याकडे. तो वही खिशात ठेवत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नेहमीसारखंच. ती हसली, कारण अशा चिठ्ठीवर ती नेहमी हसायची. नर्सबाईंना मात्र पाणी जाण्यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना, आणि त्या पायपुसणं घेऊन आत गेल्या.

घरी येऊन तिने बादल्या भरायला घेतल्या. नळाचा आवाज नव्याने ऐकू यायला लागल्यापासून ती उगीचच जास्त पाणी भरायची. पण आज तिचं नळाकडे लक्ष नव्हतं. नर्सबाई काय एकेक बोलतात, असं तिने दुकानात किती वेळा सांगितलं असेल! नर्सबाईंचा भाचा लग्नाला नाही म्हणाला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मुलगा हट्टी नाही हो, फक्त त्याचा होकार आळशी आहे." जिन्यातला दिवा गेला तेव्हा म्हणाल्या होत्या, "बरं झालं, आता शेजारी एकमेकांना आवाजावरून ओळखतील, म्हणजे तुम्हालाच काय ती अडचण." हे सगळं वहीत होतं. वहीतलं सगळंच तसं होतं. भाजीवाला, बँकेतली बाई, नवऱ्याची थोरली बहीण, रस्त्यात पत्ता विचारणारी माणसं, सगळी कशी तिरकस, गमतीची, प्रेमळ बोलायची. ऐकू येत होतं तेव्हा माणसं अशी नव्हती. मग तिला वाटायचं, वय वाढलं की माणसं सुधारतात बहुतेक. आणि या सगळ्या बोलघेवड्या जगात एकच माणूस कोरडा होता, तो म्हणजे तिचा नवरा. पाणीपुरवठ्यात मीटर वाचायची नोकरी. घरोघरी जायचं, झाकण उघडायचं, आकडा लिहायचा, झाकण लावायचं. लग्न ठरलं तेव्हा तिची आई म्हणाली होती, मुलगा बोलत नाही फारसा. खरंच नाही बोलायचा. लोकांचं बोलणं मात्र इमानेइतबारे लिहून द्यायचा. बिचारा, असं तिला वाटायचं. हा 'बिचारा' आज मनात आला आणि बादली भरून वाहायला लागली.

ऐकू येणं गेलं तेही काही एकदम गेलं नव्हतं. अडतिसाव्या वर्षी उजवा कान, मग डावा, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी गजराचं घड्याळ हातात धरून पाहिलं तरी ते नुसतं थरथरलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं तिचं काम, त्यामुळे नोकरी वाचली. काच चाकावर धरली की बोटांना कळायचं, किती घासली गेली, कुठे कड राहिली. पण पुढे गिऱ्हाइकांसमोर बसणं सुटलं. कानाच्या यंत्रांच्या दुकानदाराने तिला आठ वर्षांत चार यंत्रं विकली, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठं, आणि प्रत्येक वेळी पाटीवर लिहून दाखवलं, "यापेक्षा पुढे आता काही नाही." याच्या पुढे बरंच काही आहे हे तिला कुणा डॉक्टरकडून कळलं नाही. ते चष्म्याच्या दुकानातच कळलं. बागकाम करणारा सत्तरीचा एक माणूस चष्म्याची काडी बारीक करून मागायला आला होता. त्याच्या कानामागे एक यंत्र बसलेलं आणि वर केसांत एक गोल चकती नुसती चिकटलेली. कानामागे यंत्र आणि काडी दोघांना जागा पुरत नाही, अशी त्याची तक्रार. मालकाने तिला बोलावलं. तिने काडी तासून दिली आणि धीर करून विचारलं, हे काय आहे. त्याने समजावलं, तिने बोट दाखवून पुन्हा विचारलं, त्याने मालकाकडून कागद मागून घेतला आणि मातीने भरलेल्या नखांच्या हाताने लिहिलं. कॉक्लिअर इम्प्लांट. आतल्या कानात बारीक तार बसवतात, बाहेरचं यंत्र आवाज पकडून आत पाठवतं. कान नाही ऐकत, नस ऐकते. "आणि तुमच्या वयात बसवतात?" तिने विचारलं. त्यावर तो पोट धरून हसला. त्याने ते बसवलं तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता.

श्रवण केंद्रात तपासणी झाली. नवीनातलं नवीन यंत्र कानात घालून वीस वाक्यं ऐकवली, तिला शंभरातले नऊ शब्द कळले, तेही अंदाजाने. श्रवणतज्ज्ञ मुलगी तिशीच्या आतली होती. तिने लिहिलं, "तुम्ही आठ वर्षांपूर्वी यायला हवं होतं. कुणी पाठवलं कसं नाही?" मग मदत मंजूर करणाऱ्या समितीपुढे जावं लागलं. लांब टेबल, पलीकडे पाच जण, अलीकडे ती आणि वही घेऊन नवरा. यादीत लहान मुलं आधी, मग कमावते तरुण, मग बाकीचे, आणि ती बाकीच्यांत. मधल्या खुर्चीतल्या गृहस्थांनी काहीतरी विचारलं. नवऱ्याची पेन्सिल क्षणभर थांबली, मग त्याने लिहिलं, "विचारतायत, ऐकू आलं तर सगळ्यात आधी काय ऐकायला आवडेल?" तिला तो प्रश्न इतका आवडला की ती भडाभडा बोलत सुटली. म्हणाली, "काच तडकायच्या आधी चाकाचा सूर बदलतो म्हणतात. बोटांना ते उशिरा कळतं. वर्षाला पंधरा-वीस काचा माझ्या हातून तडकून जातात. त्या ज्यांच्या असतात त्यांना चार दिवस जास्त आंधळेपणाने काढावे लागतात. मला तो सूर ऐकायचाय." पाच जण एकमेकांकडे बघत राहिले. चौदा महिन्यांनी पत्र आलं, मंजूर. नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून तिच्या हातात दिलं. तिला वाटलं, याला आनंद झाला नाही. ऑपरेशनची भीती वाटत असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी यंत्र सुरू केलं, तेव्हा पहिला आवाज आला तो आवाज म्हणण्यासारखाही नव्हता. टिक, टुक, आणि मग ती श्रवणतज्ज्ञ मुलगी बोलायला लागली ती थेट बदकासारखी. हिला हसू फुटलं, तर स्वतःचं हसणंही बदकाचंच. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बोला." तो म्हणाला, "हं." एका बदकाने नुसतंच हं म्हटलं. केंद्रातून बाहेर पडताना तिने ठरवून टाकलं की जग बदकांचं असलं तरी चालेल. मग रोजचा अभ्यास. पुस्तक समोर धरायचं, तेच पुस्तक कुणीतरी वाचलेलं ऐकायचं, शब्दावर बोट ठेवत जायचं. दर आठवड्याला ती मुलगी केंद्रात बसून फोनवरूनच यंत्राचे सूर खाली-वर करायची, इथे घरी तिच्या डोक्यात खिडकी उघडल्यासारखं व्हायचं. वर्तमानपत्राला आवाज आहे हे तिला आठवलं. नवऱ्याचा उजवा गुडघा जिना चढताना कटकट वाजतो हे नव्यानेच कळलं. बदकांची हळूहळू माणसं व्हायला लागली. आणि पाचव्या आठवड्यात हे, नर्सबाईंचं पाणी.

त्यानंतरचा आठवडा तिने जो काढला तो आयुष्यातला सगळ्यात लबाड आठवडा. तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. चेहरा पूर्वीसारखा बावळट ठेवला आणि कान उघडे. बेकरीवाला म्हणाला, "सुटे नाहीत," वहीत आलं, "म्हणतो, सुटे पैसे इथे पाहुणे म्हणूनसुद्धा येत नाहीत." टपाल देणारी बाई म्हणाली, "सही करा," वहीत आलं, "तुमची सही बघून मला माझी शाळा आठवते म्हणते, तिथेही असंच कुणाला काही वाचता यायचं नाही." ती सही करता करता हसू दाबत होती. एकदा तर नवऱ्याच्या हातातून वही खाली पडली आणि समोरचा माणूस आधीच निघून गेला, तरी याने वही उचलून सावकाश त्याचं वाक्य पुरं केलं. मजा वाटत होती आणि त्याच वेळी प्रश्नही पडत होता. रोज रात्री जेवताना समोर बसतो तो हा माणूस कोण? अकरा वर्षं हा असं बोलतोय आणि एकदाही स्वतःच्या नावाने बोललेला नाही. आणि जे त्याने लिहिलंच नाही, ते काय होतं?

ते रविवारी कळलं. थोरल्या नणंदबाई आल्या. या ताईंची वहीतली बोलणी म्हणजे घरातला मोठा करमणुकीचा भाग. प्रत्यक्षात ताई पाऊण तास गुडघ्यांबद्दल बोलल्या, आधी डाव्या, मग उजव्या. तिने सगळं ऐकलं, जांभईसुद्धा आवरली. मग ताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि भावाला म्हणाल्या, "मशीन बसवून काय उपयोग झाला रे? बोलते तर अजून तशीच ठो ठो. शेजाऱ्यांना काय वाटत असेल!" नवऱ्याने वही पुढे केली. "ताई म्हणते, घरात एक तरी आवाज ठाम पाहिजे, आणि तो तुझा आहे." तिने ते वाचलं. मग ताईंकडे वळून, शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "ताई, ठो ठो बोलते कारण स्वतःचा आवाज मला ऐकूच येत नव्हता. आता येतो. शिकेन मी. शेजाऱ्यांना सांगा, दोन महिने द्या." ताईंचा हात कपावरच राहिला. नवऱ्याच्या हातातली पेन्सिल घरंगळत पलंगाखाली गेली. ताईच म्हणाल्या, "अगो बाई, हिला कळतंय की सगळं!" आणि मग, कोण जाणे कशा, त्या लाजल्या, उठून तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चुकलं गं माझं. पण मला तरी कुठे माहीत होतं, ऐकतेयस ते?" या वाक्याला वहीची गरजच नव्हती.

ताई गेल्यावर ती नवऱ्यासमोर बसली. "किती वर्षं?"

"काय किती वर्षं?"

"उगाच वेड पांघरू नका. नर्सबाईंचा भाचा. बँकेतली बाई. सगळं तुमचंच ना?"

तो टेबलावरच्या चहाच्या डागाकडे बघत म्हणाला, "पहिल्यांदा दवाखान्यात झालं. डॉक्टर म्हणाला, आता काही होणार नाही, घरी न्या. ते लिहवेना. तर लिहिलं, डॉक्टर म्हणतात, तुमचे कान फार हुशार, नको तेवढं ऐकून दमलेत, विश्रांती घेतायत. तू हसलीस. मग प्रत्येक वेळी वाटायचं, आज हसली पाहिजे."

"आणि लोक वाईट बोलायचे ते?"

"ते गाळायचो."

"ते माझे होते," ती म्हणाली, आणि आवाज पुन्हा ठो झाला ते तिला स्वतःलाच ऐकू आलं. "माझा अपमान झाला तर तो मला कळायला नको? मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. तुम्ही मला अकरा वर्षं एका छान गावात ठेवलंत आणि ते गावच कुठे नाही."

त्याने वही टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "समितीतसुद्धा."

"काय समितीत?"

"त्या माणसाने विचारलं होतं, या वयात आता ऐकायचं काय राहिलंय? मी ते तसं लिहिलं नाही."

तो प्रश्न तसाच आला असता तर तिने काय उत्तर दिलं असतं? काही नाही. मान खाली घालून उठली असती. तिला रागवायचं होतं, अजून पुष्कळ राग शिल्लक होता, पण त्याला धरायला जागा सापडेना. शेवटी म्हणाली, "पत्र आलं तेव्हा तोंड का पाडलंत?"

"तू ऐकायला लागलीस की मी काय करणार होतो?" तो म्हणाला. "मला बोलता कुठे येतं!"

दुसऱ्या दिवसापासून वही खिशातून गेली. तिनेच सांगितलं होतं, आता मी ऐकेन. आणि ती ऐकायला लागली. नर्सबाई पाण्याबद्दल बोलायच्या, बेकरीवाला सुट्यांबद्दल, हवामानाबद्दल सगळेच. जग अतिशय सभ्य आणि अतिशय कंटाळवाणं निघालं. घरी नवरा हं म्हणायचा, बरं म्हणायचा, जेवण झालं का म्हणायचा. एकदा तिने मुद्दाम विचारलं, "आज मीटरं कशी होती?" तो विचार करून म्हणाला, "ठीक होती." तोंडाने बोलायचं म्हटलं की त्याची जीभ परक्याच्या घरात पाहुणी आल्यासारखी अंग चोरून बसायची. दुकानात चाकावर काच धरली की तिला सूर ऐकू यायचा, बदलायच्या आधी अर्धा क्षण, आणि हात आपोआप सैल व्हायचा. महिन्यात एकही काच गेली नव्हती. मालक खूश. तीही खूश होती, नव्हती असं नाही. फक्त कुणी काही म्हणतच नव्हतं.

तिसऱ्या महिन्याची तपासणी झाली. तीच वीस वाक्यांची परीक्षा. ती एकेक वाक्य ऐकून परत म्हणत गेली. शेवटी श्रवणतज्ज्ञ मुलीने पडद्याकडे दोनदा पाहिलं. "शंभरात चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "इतकी वर्षं गेल्यावर मी पन्नासची आशा धरली होती. अर्धा शब्द सुटला तरी तुम्ही वाक्य पकडताय. बऱ्याच जणांचं ऐकणं गेलं की बोलणंच तुटतं, घरात नुसत्या खुणा उरतात. तुमच्याशी या सगळ्या वर्षांत कुणीतरी खूप बोललंय, हो ना?"

बाहेर बाकावर नवरा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा. काचेतून दिसत होता. "हो," ती म्हणाली. "तो तिकडे बसलाय."

त्या मुलीने मग तिचा फोन मागून घेतला आणि त्यावर येणारे फोनसुद्धा यंत्राशी जोडून दिले. "आता फोन आला की आवाज खोलीत यायचा नाही, थेट डोक्यात येईल. ओठ दिसणार नाहीत. घाबरू नका. सुरुवातीला घरच्या माणसाशीच बोला." नवऱ्याला आत बोलावून तिने हेच त्यालाही सांगितलं. त्याने मान हलवली. घरी पोहोचल्यावर पायऱ्या चढताना तो मध्येच थांबला, जणू काहीतरी आठवलं, आणि पुन्हा चढायला लागला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती एका शाळेतल्या मुलीच्या जाड काचा घासत होती, तेव्हा फोन वाजला. म्हणजे डोक्यात वाजला, आणि ती खुर्चीतच उडाली. चाक बंद केलं. बटण दाबलं. आधी नुसता श्वास. तो श्वास तिने ओळखला. पंचवीस वर्षं शेजारी झोपून ओळखला नाही तो तीन महिन्यांत ओळखीचा झाला होता.

"ऐकू येतंय?" तो म्हणाला.

"येतंय."

"मी एका इमारतीच्या तळघरात आहे. मीटरसमोर." मग पुन्हा श्वास. तिच्या लक्षात आलं, तिथे कुणी नाही. त्याला कुणी बघत नाही, तीही नाही. "इथलं मीटर आठ वर्षं बंद आहे. दर महिन्याला मी येतो, याला बघतो, हे मला बघतं. दोघांचं काही पुढे सरकत नाही." मीटरचं झाकण लावल्याचा आवाज आला. "इथल्या मालकीणबाई म्हणतात, की..." तो थांबला. ती वाट बघत राहिली. डोक्याच्या आत, अगदी मध्यभागी, कुठेही बाहेर नाही, नवरा खाकरला. "नाही. त्या काही म्हणाल्या नाहीत. त्या घरातच नाहीत. मीच म्हणतोय. आज वाटलं, याला नवीन यंत्र बसवून टाकावं, लोकांना बसवतात तर मीटरला काय हरकत आहे. या वयात आता मोजायचं काय राहिलंय असं समिती विचारील, तर म्हणेन, त्यालाच विचारा, आठ वर्षांची तहान आहे."

ती इतक्या मोठ्याने हसली की पुढच्या दालनातून मालक आणि दोन गिऱ्हाइकं पडदा सारून आत डोकावली. काच हातात, कानाला फोन लावलेला नाही, आणि बाई एकटीच हसतेय. तिने त्यांना हाताने जा म्हटलं.

"आणखी," ती फोनमध्ये म्हणाली.

"आणखी काय?"

"आणखी काय म्हणताय तुम्ही?"

"थांब ना जरा," तो म्हणाला. "पुढच्या घरी जाऊ दे." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी त्याने एकतीस घरांची मीटरं वाचली आणि चौदा वेळा फोन केला. चौथ्या फोनला मालकाने तिला एक खुर्ची आणून दिली आणि म्हणाला, "बसूनच हसा."